तळपायाची तीट

“सही कर आणि घरी जा. लेकरू लहान आहे तुझं,” डॉक्टर मॅडम म्हणाल्या.

कागद टाइप करून आणलेला होता. खाली माझं नाव, संघमित्रा, आणि नावाखाली माझा रजिस्ट्रेशन नंबर. मी उभ्यानंच वाचला. ‘माझ्या नजरचुकीने गरम पाण्याची पिशवी बाळाच्या टाचेस लागून इजा झाली, त्याबद्दल मी माफी मागते.’

“मॅडम, मी पिशवी वापरलीच नाही.”

“मला माहीत आहे.”

“आपल्याकडे पिशवी आहेच कुठे? तुम्हीच बंद केली ना.”

“माहीत आहे गं.” त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. “मग फोड कशानं आला?”

मी कागद परत टेबलावर ठेवला.

मेट्रन, गायकवाड मॅडम, खिडकीशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. नोकरीला लागले तेव्हा मला सगळं त्यांनीच शिकवलं. सुई टोचताना बाळाशी बोलत राहायचं. केसपेपरवर डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहायचं, ‘असेल’, ‘वाटतं’ असलं काही लिहायचं नाही. त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या आणि बाहेर पाण्याच्या टाकीशिवाय काही नव्हतं.

“माफी दिली तर ते गप्प बसतील,” डॉक्टर मॅडम म्हणाल्या. “बाळाचा बाप, तो बालाजी, रोज दोन-चार माणसं घेऊन दारात उभा राहतो. पेशंट यायचे थांबलेत.”

“पण तक्रार नर्सिंग कौन्सिलला गेली आहे. हा कागद तिथं पोचला तर माझं रजिस्ट्रेशन जाईल.”

“ते पुढचं पुढं बघू.”

“पुढं मी एकटीच असेन, मॅडम.”

पलीकडच्या वॉर्डात कुणाचं तरी बाळ रडायला लागलं आणि माझा युनिफॉर्म समोरून ओला झाला. मैत्री तेव्हा चार महिन्यांची होती, घरमालकिणीकडे ठेवून मी ड्युटीवर यायची. पान्ह्याला आपलं-परकं कळत नाही. ते दिसू नये म्हणून मी हाताची घडी घातली.

पेन मी उचललंच नाही.

“मग चौकशी होईपर्यंत येऊ नकोस,” डॉक्टर मॅडम म्हणाल्या. रागानं नाही, पावती फाडून द्यावी तसं.

ज्या बाळावरून हे सगळं झालं, ती दैवशालाची मुलगी. दैवशाला जवळच्याच एका खेड्यातली, विशीतली. पोर कमी वजनाची होती, थंडीचे दिवस होते, पाय गार लागत होते. सासू कौसाबाई खाटेच्या पायथ्याशी बसून होती.

“सिस्टर, लेकराचे पाय गार पडायलेत. शेक द्या की जरा.”

“शेक नको, काकू. आईच्या छातीशी ठेवू या. तिची ऊब पुरते.”

“आम्ही सगळ्या लेकरांला शेकच दिला. जगलीच की.”

“कातडी फार नाजूक असते हो. भाजते.”

मी पोरीला उघडं करून दैवशालाच्या अंगाशी लावलं, वरून रग पांघरला. पोर थोड्या वेळानं शांत झाली. कौसाबाई माझ्याकडे बघत होती.

“आडनाव काय म्हणलीस तुझं?”

मी सांगितलं.

“असं व्हय,” ती म्हणाली. त्यानंतर तिनं मला काही मागितलं नाही. प्यायचं पाणीसुद्धा आयाकडून मागवलं.

संध्याकाळच्या राउंडला मी पोरीचे पाय चाचपले. गरम होते. टाचेपाशी, तळपायावर तीट होती, जरा जाडच. डोळ्यांत काजळ, गालावर तीट, तळपायाला तीट. कितीही सांगा, आपल्याकडची माणसं ऐकत नाहीत. दवाखान्याचा नियम म्हणून मी तेलाचा बोळा घेऊन पुसायला लागले.

“राहू द्या ना, सिस्टर,” दैवशाला म्हणाली आणि पोरीचा पाय हळूच रगात ओढून घेतला. मीही राहू दिलं.

सकाळी आंघोळीच्या वेळी तिथं फोड होता. टाचेवर टपोरा, पाण्यानं भरलेला. कौसाबाईनं हंबरडा फोडला नाही. ती वॉर्डाच्या मधोमध उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढंच म्हणाली, “शेक द्या म्हणलं तर दिला न्हाई. आन रातच्याला गुपचूप दिला तो असा.”

दुपारपर्यंत तालुक्याच्या पेपरवाल्यानं फोटो काढून नेला.

*

ड्युटी नसली की दिवस किती लांब असतो हे मला तेव्हा कळलं. खोली एकच होती, वर पत्रे. सुबोध, माझा नवरा, चाकणला कंपनीत. सासू-सासरे सुबोधच्या भावाकडे. माझी आई त्याच्या आदल्या वर्षी गेली. मी मैत्रीला पाजायची, धुवायची, झोपवायची, आणि तिचे कपडे वाळत घालताना रस्त्याकडे बघायची. माझ्याबरोबर शिकलेली, माझ्याबरोबर एकाच ताटात जेवलेली एकजण भाजीबाजारात दिसली. मी हात केला. तिनं तेवढ्यात वांग्यांच्या ढिगात काहीतरी शोधायला घेतलं. ती वांगी खात नाही, तिला त्यांचं वावडं आहे. मी पुढं निघून गेले.

घरमालकीण येऊन उंबऱ्यात बसायची. वाईट नव्हती.

“तू नाही म्हणतीस ते खरंच असेल गं. पण फोड तर आलाच ना? मग कशानं आला?”

“माहीत नाही, मावशी.”

“तेच तर,” ती म्हणायची. चहा पिऊन उठून जायची.

सुबोध रविवारी फोन करायचा. तिकडून गाड्यांचे आवाज यायचे.

“लिहून दे ना माफी. मिटव एकदाचं.”

“माफी म्हणजे कबुली असते. नंबर काढून घेतील.”

“नंबर, नंबर काय करतीस? दुसरं काम बघू.”

“मला दुसरं काम येत नाही.”

“मग सांग त्यांना फोड कशानं आला ते.”

मी म्हणायची, मैत्रीचा आवाज ऐकतोस? आणि फोन तिच्या तोंडाशी धरायची. ती फोन चाटायची. तो हसायचा, आणि तेवढ्यावर रविवार संपायचा.

तो नंबर सुबोधला काय, कुणालाच कळला नाही. एक आईला कळला होता. सर्टिफिकेट घेऊन मी गावी गेले तेव्हा आई निंदणीहून आली होती, हाताला माती. तिनं कागदाला हात लावला नाही. “वाच,” म्हणाली. मी नाव वाचलं. “ते न्हाई, ते आकडे वाच.” मी एकेक आकडा वाचला. ती माझ्यामागं एकेक म्हणत गेली. मग म्हणाली, “हे पुसता येतं का कुणाला?” मी म्हणाले, नाही गं आई, असं कसं पुसतील.

कौन्सिलची नोटीस आली तेव्हा मी लेखी उत्तर धाडलं. जे केलं तेवढं लिहिलं. बाळ आईच्या अंगाशी ठेवलं. संध्याकाळी पाय गरम होते. पिशवी वापरली नाही. फोड कशानं आला ते लिहायची जागा आली तिथं थांबले. मग तशीच सही केली.

*

ऊन तापायला लागलं होतं. मी मैत्रीला पायांवर घेऊन तेल लावत होते. आदल्या दिवशी घरमालकिणीनं हौसेनं तिला काजळ घातलं होतं, तळपायाला तीट लावली होती. मी तेलाचं बोट फिरवलं. तीट निघाली. बोट काळं झालं, पाय स्वच्छ.

मी बोटाकडे बघत राहिले.

मैत्रीला वाटलं खेळ आहे, ती पाय झाडायला लागली. मी तिला तशीच तेलकट मांडीवर घेतली आणि माझा डावा गुडघा उघडा केला. तिथं एक तपकिरी डाग आहे. मी लहानपणी झाडावरून पडले, गुडघा सुजला, आईनं बिब्बा लावला. बिब्बा आमच्याकडं घरात असतोच, मिठासारखा. सुईनं टोचून दिव्यावर धरायचा, काळं तेल येतं, ते दुखऱ्या जागी लावायचं. नाहीतर नजर लागू नये म्हणून लेकराच्या अंगावर फुली काढायची. कुणाला तो सोसतो. कुणाला उततो. मला उतला होता. रात्रभर आई फुंकर घालत बसली होती आणि स्वतःलाच शिव्या देत होती. फोड गेला, डाग राहिला.

काजळ तेलानं निघतं. बिब्बा निघत नाही. त्या दिवशी मी बोळा फिरवला आणि तीट निघाली नव्हती. निघाली नव्हती, आणि दैवशालानं पाय ओढून घेतला होता.

त्याच आठवड्यात नगरपालिकेच्या दवाखान्यात लसीकरण होतं. मैत्रीचा एक डोस तापामुळं राहिलेला. व्हरांड्यात बायांची ओळ, प्रत्येकीच्या कडेवर घामेजलेलं बाळ, सगळ्यांचे पाय उघडे. एकाच पोरीच्या पायांत लोकरीचे मोजे होते.

मी मागून हाक मारली. “दैवशाला.”

ती वळली. चेहरा पडला तिचा. “सिस्टर, सासूबाई भाईर झाडाखाली हायत.”

“मी काही विचारत नाही. मोजा काढून दाखव फक्त.”

तिनं दाराकडं पाहिलं. मग अंगठ्यानं मोजा खाली सारला. टाचेवर दोन तपकिरी रेघा, एकीवर एक. फुली.

“बिब्बा?”

तिनं मान हलवली.

“कुणी लावला?” विचारत नाही म्हणाले होते, तरी विचारलं.

“माझ्या मायनं.” ती पोरीचा पाय कुरवाळत बोलत होती, माझ्याकडे बघत नव्हती. “माझी पहिली पोर पाचवीलाच गेली ना. तवापासून मायला येऊ देत न्हाईत. तिचा पायच वाईट म्हणतेत. त्या दिवशी सासूबाई जेवायला गेल्या तवा ती मागच्या दारानं आली. पदरात बिब्बा, सुई, काडीपेटी. म्हणली, ही पोर मी कुणाला न्हेऊ देत न्हाई. पाय मीच धरला, सिस्टर.”

“रडली असेल.”

“न्हाई. गप काडीकडं बघत होती. माय मातर रडली.”

ओळ थोडी पुढं सरकली. आम्हीही सरकलो.

“सासूबाईंना ठाऊक आहे?”

“फोड सुकल्यावर रेघा दिसायला लागल्या. त्या काय, बिब्बा ओळखतेतच. दुसऱ्या दिवशी मोजे आणले. मला बोलल्या न्हाईत, ह्यांला बी बोलल्या न्हाईत. तक्रार गेलती तवर. पेपरात आलतं.”

“मग तू सांग ना त्यांना, लावला म्हणून.”

“मी लावला म्हणलं तर मार खाईन. मायचं नाव निघालं तर मला तिच्या दारात न्हेऊन सोडतील आन पोर ठेवून घेतील.” मग तिनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. “तुमी सांगणार का, सिस्टर?”

“माझं काम जाईल गं. हे एक नाही, कुठलंच मिळणार नाही परत.”

“हाव,” ती म्हणाली. “समजतंय मला.”

तिनं हात जोडले नाहीत, शपथ घातली नाही. घातली असती तर मला भांडता तरी आलं असतं. तेवढ्यात तिची पोर रडली, भुकेनं, बारीक आवाजात. मला लगेच कळलं काय होणार ते. दैवशालालाही दिसलं. तिनं पोर एका हातावर तोलली, दुसऱ्या हातानं माझी ओढणी पुढं ओढली, नीट पसरली.

“ओढणी घ्या,” ती हळू म्हणाली. “लोक बघायलेत.”

रविवारी मी सुबोधला सांगितलं, फोड कशानं आला ते कळलं.

“मग झालं की!” तो खरंच आनंदला. “उद्याच्या उद्या लिही. तिच्या आईचं नाव घालून लिही.”

“तिची पोर काढून घेतील.”

मागं गाड्या जात होत्या.

“आणि आपली पोर?” तो म्हणाला. “तिचं कोण बघणार?”

तो चुकीचं बोलत नव्हता. फोन त्यानंच ठेवला. मी गुडघ्यावर हात ठेवून बसून राहिले. आईचा हात लागल्याची एवढीच खूण माझ्याकडं उरली आहे.

*

सुनावणी मुंबईला होती. सुबोध चाकणहून येणार होता, पण त्याला सुट्टी मिळाली नाही. मी मैत्रीला ओढणीनं छातीशी बांधलं आणि एकटीच गेले.

लांबट टेबलापलीकडे तिघी बसल्या होत्या. मधल्या बाई पांढऱ्या केसांच्या, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलेलं. नाडी मोजायची सवय असलेली बाई तसं बांधते. ते पाहून मला जरा धीर आला. अलीकडं एका बाजूला बालाजी, फाइल घेऊन. त्याच्या शेजारी कौसाबाई. तिच्या शेजारी दैवशाला, मांडीवर पोर. पोरीच्या पायांत मोजे.

“बाळ बाहेर कुणाकडं देता येईल का?” मधल्या बाईंनी मला विचारलं.

“माझ्याबरोबर कुणी नाही, मॅडम.”

“मग असू द्या.”

त्यांनी फोटो पाहिला, एकीकडून दुसरीकडे दिला. फोटोत फोडच फोड होता, पूर्ण टाच भरून. बालाजी बोलायला लागला. गरीब माणूस म्हणून, खेड्यातला म्हणून, पोरगी म्हणून. त्यांनी ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळल्या.

“सिस्टर, तुमचं उत्तर वाचलं. नीट लिहिलंय. पण फोड खरा आहे. मग तो आला कशानं?”

प्रवासभर मी याच प्रश्नाशी बोलत आले होते.

“मॅडम, बाळाचा मोजा काढून बघा.”

“लेकराला थंडी वाजते,” कौसाबाई म्हणाली.

वर पंखा गरगरत होता. उजवीकडच्या बाई रुमालानं मान पुसत होत्या. दैवशालानं पोरीचा पाय मुठीत धरला होता.

“अगं काढ की!” बालाजी म्हणाला. “बघू दे त्यांला, किती भाजलंय ते.” आणि त्यानंच वाकून मोजा ओढून काढला. पोरीचा पाय उचलून तिघींसमोर धरला.

लिहीत होत्या त्या बाईंचं पेन थांबलं. मधल्या बाई उठून टेबलाच्या अलीकडं आल्या. त्यांनी टाच हातात घेतली, अंगठा फिरवला.

“पिशवीनं फुली उमटत नाही हो,” त्या बालाजीला म्हणाल्या. “माझ्या आजीनं माझ्या पोटावर अशा दोन काढल्यात. अजून आहेत.”

बालाजीला कळलं नाही. त्यानं पाय स्वतःकडं वळवून बघितला. मग कळलं.

“तुम्हाला हे माहीत होतं?” त्यांनी मला विचारलं.

“संध्याकाळी तळपायावर काळं होतं. मी तीट समजले. तेलानं पुसली, निघाली नाही. उत्तर लिहिताना ते लक्षात नव्हतं. नंतर माझ्या मुलीची तीट पुसताना लक्षात आलं.”

“कुणी लावला?”

मैत्री माझ्या गळ्यातला दोरा चघळत होती. दैवशाला टेबलाच्या कडेकडं बघत होती.

“मी बघितलं नाही, मॅडम.”

“बघितलं का असं विचारलं नाही मी. माहीत आहे का?”

“डोळ्यांनी बघितलं तेवढंच मी सांगू शकते. नर्सला तेवढंच शिकवतात.”

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. त्यांना सगळं समजलं असावं असं मला वाटलं. ‘वाटलं’ लिहायचं नसतं, तरी लिहिते.

“मी लावला,” दैवशाला म्हणाली.

बालाजी वळला. “तू?”

“मी. घरून न्हेला होता. पहिलीसारखी ही बी जाऊ न्हाई म्हणून.”

“आन मग इतके दिवस तोंड शिवलं होतं का?”

“तुमी मला इचारलंच न्हाई. सिस्टरचं नाव घेऊन मोकळे झालात.”

ती मोठ्यानं बोलली नाही. पण मी तिला ओळखत होते त्या सगळ्या काळात तिचा आवाज इतका सरळ पहिल्यांदाच ऐकला.

मधल्या बाईंनी कौसाबाईकडे पाहिलं. “आजी, तुम्हाला ठाऊक होतं?”

कौसाबाईनं टेबलावरचा मोजा उचलला. झटकला. नातीच्या पायात घातला, टाचेपाशी नीट ओढला.

“थंडी वाजते लेकराला,” ती म्हणाली.

*

बाहेर लांब कॉरिडॉर होता. बालाजी पुढं, त्याच्यामागं कौसाबाई, शेवटी दैवशाला. मी बाकावर बसून मैत्रीला पाजायला घेणार, तेवढ्यात दैवशाला मागं फिरली. मला वाटलं, काही विसरलं असेल. ती माझ्यापुढं वाकली. स्वतःच्या पोरीच्या गालावरची तीट बोटावर घेतली आणि मैत्रीच्या तळपायाला टेकवली.

“काहीच लावत न्हाई का तुमी लेकराला?” ती म्हणाली. “एवढ्या लोकांतून जायलाव.”

“दैवशाला, तू—”

“माय बरी हाय माझी,” ती म्हणाली. “तुमी तिचं नाव काढलं न्हाई, तिला कळवीन.”

जिन्यापाशी बालाजीनं हाक मारली. ती गेली. मी काय बोलणार होते ते मला आजही ठाऊक नाही.

काही दिवसांनी पत्र आलं. तक्रारीत तथ्य नाही. डॉक्टर मॅडमनी फोन करून “उद्यापासून ये” म्हटलं. मी गेले. गायकवाड मॅडमनी माझ्या हातात थर्मामीटर दिला. “कोपऱ्यातल्या खाटेवरच्या पोरीला पाजायला जमत नाहीये, बघ जरा,” म्हणाल्या, आणि लगेच पाठ फिरवून औषधांच्या कपाटात काहीतरी लावायला लागल्या. बराच वेळ लावत होत्या. जेवणाच्या सुट्टीत सगळ्या जणी सरकून जागा द्यायच्या. त्यांच्या गप्पा मी आले की वेगळ्या व्हायच्या. पेपरवाल्यानं काहीच छापलं नाही. कुणी विचारलं नाही की मग फोड कशानं आला होता.

दैवशालाचं मला कळलं ते असं. कुणी म्हणालं, तिला माहेरी सोडलं, पोर इकडंच ठेवली. कुणी म्हणालं, छे, ती दोघं ऊसतोडीला गेली, पोर बरोबर आहे. तिच्या गावची एक बाई बाळंतपणाला आली होती. तिला विचारलं तर म्हणाली, “कोणती दैवशाला? आमच्याकडं तीन हायत.” मी तिच्या सासूचं नाव सांगितलं. त्या बाईनं तोंड फिरवलं, आणि मी पुढं विचारलं नाही. त्या घरात माझं नाव परत निघालं तर दैवशालाचं काय होईल, ते मला माहीत नव्हतं.

आता मैत्री पहिलीत आहे. तिच्या पाठीवरचा झोपला आहे, तोवर हे लिहून होतंय. त्याला मी काजळ लावत नाही. दवाखान्यात अजूनही सगळ्यांना तेच सांगते, आणि तीट दिसली की तेलाचा बोळा घेते. निघते का ते बघते.

सुनावणीच्या दिवशी परतीच्या गाडीत मी मैत्रीचा पाय हातात धरून बसले होते. घरी आल्यावर तिला आंघोळ घातली ती एक पाय पाण्याबाहेर ठेवून. दुसऱ्या दिवशीही तसंच. घरमालकीण म्हणाली, काय गं, पायाला लागलंय का पोरीच्या? मी म्हणाले, नाही. मग तेलाचं बोट लावलं.

काजळच होतं. लगेच निघालं.